उजवीकडून तिसरी बरणी

भावोजी : ते नंतर. आधी मला सांगा, ही बरणी सकाळी तुम्ही उघडली होतीत का?

वहिनी : कुठली? भावोजी, सव्वादोन वाजलेत, शटर अर्धं खाली ओढलंय, पोटात कावळे ओरडतायत. दोन घास सुखाने खाऊ द्या की.

भावोजी : डबा बाजूला ठेवा, वहिनी. इकडे बघा. ही.

वहिनी : बघितली. चक्करच्या गोळ्यांची. दिवसातून दहा वेळा उघडते मी ती. झालं समाधान?

भावोजी : लेबल वाचा.

वहिनी : अकरा वर्षं झाली मला या काउंटरवर उभी राहून. वरची फळी, उजवीकडून तिसरी. डोळे बांधा, काढून दाखवते.

भावोजी : वाचा ना. माझ्यासाठी म्हणून वाचा.

वहिनी : बरं बाबा, वाचते. ... हे काय? ही तर साखरेची. डायबेटिसवाल्यांची! ही इथे कोणी ठेवली?

भावोजी : मी.

वहिनी : तुम्ही?

भावोजी : आज सकाळी, तुम्ही यायच्या आधी. अख्खी फळी अक्षरवार लावली. सहा महिने मनात होतं. कुठली बरणी कुठे, याला या दुकानात काही नियमच नव्हता. चक्करच्या शेजारी रक्तवाढीच्या, त्यांच्या शेजारी जंताच्या. उद्या तुम्ही आजारी पडलात तर मला एक गोळी सापडायची नाही.

वहिनी : आणि मला सांगावंसं वाटलं नाही?

भावोजी : यादी लावलीय. ही काय, तुमच्या नाकासमोर. लाल शाईने लिहिलंय, ‘जागा बदलल्या आहेत. लेबल वाचूनच द्यावे.’

वहिनी : मी याद्या वाचते का कधी? माझा हात जातो. हात जातो आणि बरोबर बरणीवर पडतो.

भावोजी : आज चुकीच्या बरणीवर पडला.

वहिनी : थांबा. थांबा हं. म्हणजे सकाळी चक्कर येते म्हणून जे आले, त्यांना मी... अगं आई गं!

भावोजी : साखर उतरवायची गोळी दिलीत. ज्यांना साखरेचा आजारच नाही, त्यांना.

वहिनी : काय होईल हो त्यांना? लपवू नका. तुम्ही शिकलेले आहात, नीट सांगा.

भावोजी : रक्तातली साखर उतरत जाते. आधी घाम, थरथर. मग माणूस काहीबाही बोलायला लागतं. मग झोप. त्या झोपेतून प्रत्येक जण उठतोच असं नाही. वय जास्त असेल, पोट रिकामं असेल, तर हे सगळं लवकर.

वहिनी : माझ्या चपला कुठेत? मी निघते.

भावोजी : बसा. एक घोट पाणी प्या. मला तुम्ही शुद्धीवर हव्या आहात.

वहिनी : बसू काय? धावायला हवं!

भावोजी : कुठे? पत्ता सांगा, धावतो.

वहिनी : पत्ते मला कुठे ठाऊक आहेत?

भावोजी : म्हणून म्हणतो, बसा. मला फक्त दोन मिनिटं विचार करू द्या. दहानंतर काउंटरवर मी होतो. तुम्ही मागे लसींच्या फ्रिजपाशी. मी लेबल वाचल्याशिवाय झाकण उघडत नाही. म्हणजे जे झालं ते नऊ ते दहाच्या मधे झालं. त्या तासातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या खिळ्याला टोचलेल्या आहेत. काढतो. खोकला... खोकला... डोळ्यांचे थेंब... चक्कर. ही एक. ताप. चक्कर. दोन. पट्टी बांधायचं सामान. चक्कर. तीन. या फळीवरचं औषध नेणारे तीन जण आहेत, वहिनी. तीनच.

वहिनी : तीन माणसं मारली मी.

भावोजी : अजून कोणी मेलेलं नाही. तिघांचे नंबर चिठ्ठीवर आहेत. शाळेच्या बसचा ड्रायव्हर, दहा गोळ्या. ते रिटायर्ड पोस्टमन, पंधरा. शिंपीणबाई, पाच.

वहिनी : शिंपीणबाई! तिला लावा आधी. तिला काहीतरी झालंय.

भावोजी : कशावरून?

वहिनी : चेहरा बघितला होता मी. कागदासारखा पांढरा. पाकीट घेताना माझ्याकडे बघून हसली, पण ते हसू नुसतं तोंडावरचं होतं. तिनं सकाळपासून काही खाल्लेलं नाही, मी लिहून देते.

भावोजी : आणि ड्रायव्हरच्या गाडीत चाळीस मुलं बसतात. पावणेतीनला शाळा सुटते. आता दोन वीस. आधी ड्रायव्हर. यात वाटण्याचा प्रश्नच नाही, साधा हिशोब आहे.

वहिनी : तुमच्या हिशोबात माणसाचा चेहरा बसतो का कधी?

भावोजी : तुमच्याकडे फोन नाही का? मी ड्रायव्हरला लावतो, तुम्ही शिंपीणबाईंना लावा. भांडायचं कशाला?

वहिनी : हे शहाण्यासारखं बोललात. नंबर सांगा, भराभर सांगा... वाजतोय.

भावोजी : हॅलो. मी औषधाच्या दुकानातून बोलतोय. सकाळी तुम्ही चक्करच्या गोळ्या नेल्यात... हो, त्याच. घेतली का एखादी?... गाडी कुठे आहे तुमची? चालू आहे?... उभी आहे. बरं. बरं. नीट ऐका, तुम्ही एकही गोळी घेतली नाहीत, हे नक्की?... का?... ड्यूटीवर असताना घेत नाही, झोप येते म्हणून. फार छान करता. ऐका, त्या गोळ्या घेऊच नका. चुकीच्या गेल्यात. चूक आमची. पाकीट खिशात ठेवा, कोणाला देऊ नका, मी येऊन घेऊन जाईन... हो, ओरडा, तुमचा हक्कच आहे. पण गोळी घेऊ नका. ... एक सुटला, वहिनी.

वहिनी : ही उचलत नाही. पूर्ण वाजून बंद झाला.

भावोजी : मशिनच्या आवाजात ऐकू येत नसेल. त्यावरून काही सिद्ध होत नाही.

वहिनी : तुमचं ते सिद्ध होईपर्यंत माणूस जातो, भावोजी!

भावोजी : आणि तुमच्या वाटण्यावर विसंबलो असतो तर ड्रायव्हर राहिला असता. मागच्या वर्षी तुम्हालाच वाटलं होतं ना, मागच्या खोलीत चोर शिरलाय? पोलीस आले आणि मांजर निघालं.

वहिनी : बोला, बोला. आत्ताच टोमणे मारायचेत. पुन्हा लावते.

भावोजी : मी पोस्टमनना लावतो.

वहिनी : भावोजी, हे सगळं बाहेर कळलं तर लायसन्स जाईल ना तुमचं?

भावोजी : जाईल.

वहिनी : मग?

भावोजी : मग काय? जाऊ दे. ... हॅलो, काका! औषधाच्या दुकानातून... हो, हो, मीच. सकाळच्या गोळ्या... काय म्हणालात?... परत सांगा... नाही, काका, तुमचं बरोबर आहे. शंभर टक्के बरोबर आहे. चूक आमची आहे... हो, पाच वाजता या, काय बोलायचं ते समोर बोला, मी ऐकून घेतो. पण घेतली नाहीत ना एकही?... देवासारखे आहात, काका. ठेवतो.

वहिनी : काय म्हणतात?

भावोजी : पाकीट उघडून एकेक गोळी उजेडात धरून बघितली म्हणे. नेहमीची नाही म्हणून तशीच बाजूला ठेवली. संध्याकाळी येऊन आपलं डोकं खाणार होते.

वहिनी : खाऊ देत. दोन्ही डोकी खाऊ देत. त्या माणसाच्या खोडीने मला किती वैताग दिलाय आजवर. यापुढे चकार शब्द काढणार नाही.

भावोजी : आता शिंपीणबाई.

वहिनी : वाजतोय... वाजतोय... उचल गं बाई, उचल... हॅलो! हॅलो, कोण? तू कोण बोलतेस?... मुलगी. आईला दे, बाळ... का?... पडून आहे? केव्हापासून?... भावोजी! आडवी झालीय, अंगाला घाम आहे, हात थरथरतायत. बघा, म्हटलं होतं की नाही मी!

भावोजी : बोलतेय का विचारा. गिळू शकते का विचारा.

वहिनी : आई बोलतेय का गं? तुझं नाव विचार तिला. ... बोलली? बरोबर सांगितलं?... बोलतेय, भावोजी.

भावोजी : ग्लासभर पाण्यात चार चमचे साखर. आत्ताच्या आत्ता. मग काहीतरी पोटभर खायला. आणि शेजारच्या कोणाला तरी घेऊन सरळ दवाखान्यात.

वहिनी : ऐक बाळ, स्वयंपाकघरात पळ. ग्लासात पाणी, चार चमचे साखर, ढवळ आणि आईला पाज. फोन बंद करू नकोस, मी ऐकतेय. ... हो, मी आहे. ... प्यायली? सगळं?... शेजारी कोण आहे? रिक्षावाले मामा? त्यांना हाक मार, मोठ्यांदा मार... हॅलो, भाऊ, त्यांना दवाखान्यात न्या, गोळ्यांचं पाकीट डॉक्टरांना दाखवा, सांगा की दुकानातून साखरेची गोळी चुकून गेली. हो, अगदी असंच सांगा. ... किती घेतल्या होत्या? एकच. केव्हा? अकराला, रिकाम्या पोटी. ... बरं. बरं. तुमचे फार उपकार झाले, भाऊ.

भावोजी : एकच घेतली. वेळेत आहे. सुटेल ती.

वहिनी : सुटेल ना? तुम्ही म्हणताय म्हणजे सुटेल. मला जरा रडू द्या.

भावोजी : रडा. वहिनी, तुम्ही म्हणालात ते खरं होतं. काही खाल्लेलं नव्हतं तिनं. मला ते चिठ्ठीवरून कधीच कळलं नसतं.

वहिनी : आणि तुम्ही चिठ्ठ्या काढल्या नसत्या तर मी नुसतीच छाती बडवत रस्त्यावर पळाले असते. जाऊ दे. सगळे मिळाले. ... भावोजी?

भावोजी : हं.

वहिनी : मिळाले ना सगळे? मग माझी छाती अजून का धडधडतेय? तिचा फोन ठेवला तेव्हा हलकं वाटायला हवं होतं. नाही वाटत.

भावोजी : भीती लगेच उतरत नाही. शरीराचं आहे ते.

वहिनी : तसं नाही हो हे. काहीतरी राहिलंय. तुम्ही काय करताय? बरणी का ओतलीत?

भावोजी : मोजतोय.

वहिनी : आता काय मोजायचं राहिलंय?

भावोजी : सकाळी या बरणीत मी शंभर गोळ्या टाकल्या होत्या. दहा, वीस... साखरेचा एकही पेशंट आज आलेला नाही... तीस, चाळीस, पन्नास... साठ. साठ आहेत.

वहिनी : मग?

भावोजी : चाळीस गेल्या. ड्रायव्हर दहा, पोस्टमन पंधरा, शिंपीणबाई पाच. तीस.

वहिनी : दहा कुठे गेल्या?

भावोजी : तेच तुम्हाला विचारतोय.

वहिनी : टाकताना कमी टाकल्या असतील. सकाळची घाई. मोजायला चुकला असाल.

भावोजी : मी मोजायला चुकत नाही, वहिनी. लावायला चुकलो. मोजायला नाही.

वहिनी : म्हणजे अजून कोणीतरी आहे.

भावोजी : अजून कोणीतरी आहे, आणि त्याची चिठ्ठी खिळ्याला नाही. चिठ्ठीशिवाय कोणाला दिल्यात?

वहिनी : मी असं कोणाला देते का? तुम्हीच ओरडता म्हणून तापाची गोळीसुद्धा देत नाही मी चिठ्ठीशिवाय.

भावोजी : आठवा.

वहिनी : आठवत नाहीये! असं अंगावर आलात की मला काही म्हणजे काही आठवत नाही.

भावोजी : बरं. आठवू नका. नऊपासून सांगत या फक्त. शटर उघडलंत.

वहिनी : शटर उघडलं. तुम्ही मागे खोकी सोडत होतात. मी झाडलं, काउंटर पुसलं. हात ओले होते. पहिला ड्रायव्हर आला, त्याला घाई. मग पोस्टमनकाका, मग खोकल्याची दोन, मग डोळ्यांची बाई, तिचं बाळ रडत होतं. मग शिंपीणबाई. मग बाहेर हॉर्न वाजला.

भावोजी : कोणाचा?

वहिनी : यांचा. तुमच्या दादांचा. गाडी चालूच ठेवली होती, साडेनऊची वेळ. म्हणाले, मला लांब जायचंय, उद्या येईन, जाता जाता घरी...

भावोजी : घरी काय?

वहिनी : जाता जाता घरी आईंच्या गोळ्या टाकतो. संपल्यात म्हणाले. मी ओल्या हातांनीच दहा मोजल्या, पाकिटावर ‘आई’ लिहिलं आणि खिडकीतून दिलं.

भावोजी : आईची कसली गोळी?

वहिनी : चक्करची. भावोजी, आईंची चक्करची गोळी! घरच्या औषधाची चिठ्ठी आपण कुठे लावतो खिळ्याला?

भावोजी : केव्हा केव्हा घेते ती?

वहिनी : नाश्त्यानंतर, जेवणानंतर, रात्री. म्हणजे दोन गेल्या. एक दहाला, एक एकला. आणि त्या जेवतात किती, तुम्हाला ठाऊक आहे, चिमणीएवढं!

भावोजी : अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे ती. फोन लावा. शेजारच्या काकू?

वहिनी : मुलीकडे गेल्यात, कुलूप आहे. घरात कोणी म्हणजे कोणी नाही. मी आणि तुम्ही इथे, हे गावाला. वाजतोय... भावोजी, वाजतोय पण...

भावोजी : मी निघालो. साखर तपासायचं मशिन घेतलंय, ग्लुकोज घेतलंय. स्कूटरवर पंधरा मिनिटं. ॲम्ब्युलन्सला निघता निघता फोन करतो. तुम्ही फोन सोडू नका. उचलला तर झोपू देऊ नका तिला. काहीही करा, साखर पोटात गेली पाहिजे.

वहिनी : नीट जा. तुम्हाला काही झालं तर मी काय करू? ... उचला हो, आई. उचला.

(चौथ्यांदा लावल्यावर फोन उचलला जातो.)

आई : कोण?

वहिनी : आई! आई, मी. दुकानातून.

आई : अगं, तू होय. उठलीस का? चहा टाकू?

वहिनी : आई, दुपार आहे आत्ता. अडीच वाजून गेलेत. तुम्ही काय करताय?

आई : दुपार कशी असेल? काळोख झालाय की. मी पडलेय जरा. पलंग ओला झालाय गं. कशाने झाला कोण जाणे.

वहिनी : घाम आहे तो. आई, उठून बसा. माझं ऐका, उठून बसा बघू.

आई : झोप येतेय मला. संध्याकाळी बोलू.

वहिनी : नाही! संध्याकाळी नाही. आई, स्वयंपाकघरात जाऊन जरा साखर खा. दोन मुठी खा.

आई : साखर? मला काय झालंय साखर खायला? लहान आहे का मी?

वहिनी : तुमची साखर उतरलीय आई, म्हणून...

आई : मला साखरबिखर काही नाही. तो धाकटा सारखा मशिन टोचायला बघतो. त्याला सांग, मला काही नाही. ठेव तू.

वहिनी : ठेवू नका! आई, ठेवू नका, माझं एक काम आहे. माझंच काम आहे, तुमचं नाही. माझी अडचण झालीय.

आई : काय झालं गं?

वहिनी : मी सकाळी डबे भरले ना, तेव्हा साखरेच्या डब्यात मीठ पडलं की काय, असा संशय आलाय मला. संध्याकाळी पाहुणे येणार आहेत. चहात मीठ गेलं तर माझी शोभा होईल. तेवढं चाखून सांगता का? माझ्यासाठी?

आई : वेंधळी आहेस. पहिल्यापासून वेंधळी आहेस. थांब.

वहिनी : हळू जा. भिंत धरून जा. फोन हातात ठेवा. बोलत राहा माझ्याशी. कुठवर आलात?

आई : पाय माझे नव्हेतच जणू. दरवाजा इकडे होता ना?

वहिनी : डावीकडे, आई. डाव्या हाताला. हां. ओट्याला धरा. निळ्या झाकणाचा डबा.

आई : झाकण निघत नाही. हात बघ कसा हलतोय.

वहिनी : छातीशी धरून फिरवा. जोर लावा.

आई : ...

वहिनी : आई? कसला आवाज झाला? आई! बोला ना! आई!

आई : सांडली गं. सगळी सांडली. रागावू नकोस.

वहिनी : सांडू द्या! मरू दे ती साखर. तुमच्या हाताला लागलीय ना? हात चाटा. चाखून सांगा, मीठ आहे का?

आई : ... गोडच आहे.

वहिनी : एका बोटावरून काय कळतंय? मूठभर घ्या ओट्यावरची. खालून वर सगळी मिसळलेली असते. तोंडात टाका. ... टाकलीत?

आई : हं.

वहिनी : अजून एक. दुसऱ्या कोपऱ्यातली.

आई : अगं, किती?

वहिनी : मला खात्री होईपर्यंत. घ्या ना, आई. मी हात जोडते. ... अजून. वर पाणी प्या. आता तिथेच खाली बसा, ओट्याला टेकून. झोपायचं नाही. तुमच्या लग्नात काय काय झालं ते सांगा मला.

आई : मेली, ते शंभरदा ऐकलंयस.

वहिनी : एकशे एकदा ऐकते. बोला. थांबू नका.

आई : मांडवात दिवे गेले. ह्यांच्या काकांनी मेणबत्ती धरली, ती माझ्या पदराला... कोणीतरी आलंय. दार वाजतंय.

वहिनी : त्यांच्याकडे किल्ली आहे. तुम्ही उठू नका. भावोजी! भावोजी, ऐकू येतंय का?

भावोजी : आलो. आलो, वहिनी. जमिनीवर बसलीय. ओळखलं मला. आई, बोट दे. दे गं, आज नको भांडूस. ... अठ्ठेचाळीस.

वहिनी : म्हणजे किती कमी?

भावोजी : फार. पण तोंडात साखर आहे तिच्या, ओठांना लागलीय. तुम्ही खायला लावलीत म्हणून अठ्ठेचाळीस. नाहीतर मी इथे येऊन काय बघितलं असतं कोण जाणे. आई, हे पी. सगळं संपव. ... मी कसं समजावून सांगितलं असतं तिला? मला जमलंच नसतं.

वहिनी : ते राहू द्या. ॲम्ब्युलन्स?

भावोजी : वाटेत आहे. वहिनी, ही गोळी शरीरातून लवकर जात नाही. साखर वाढेल, पुन्हा उतरेल. निदान उद्यापर्यंत तिला दवाखान्यात ठेवतील. तुम्ही दुकान बंद करा आणि तिकडेच या.

वहिनी : पुन्हा मोजा ना.

भावोजी : दहा मिनिटांनी. एवढ्यात काही... बरं, मोजतो. ... एकसष्ट.

वहिनी : वाढतेय?

भावोजी : वाढतेय. बोलतेय नीट. मला विचारते, ओट्यावर साखर कोणी सांडली.

वहिनी : फोन द्या त्यांना. द्या, भावोजी. मला सांगायचंय.

भावोजी : आत्ता? जरा स्थिर होऊ दे तिला. मी सांगतो सगळं, बरण्या मी हलवल्या होत्या.

वहिनी : पण हात माझा होता. द्या.

आई : काय गं? हा धाकटा असा का पांढरा पडलाय? कोणी काही सांगत नाही मला.

वहिनी : आई, सकाळी मी तुम्हाला चुकीच्या गोळ्या पाठवल्या. चक्करच्या नव्हत्या त्या. साखर उतरवायच्या होत्या. तुमचा जीव जात होता माझ्यामुळे. मला माफ करा, म्हणायलासुद्धा तोंड नाही मला.

आई : असं होय. तरीच.

वहिनी : तरीच काय?

आई : पाकीट उघडलं तेव्हाच कळलं होतं मला, या रोजच्या नव्हेत म्हणून.

वहिनी : कळलं होतं? मग घेतल्यात कशाला? एक फोन करायचात, आई! एक फोन!

आई : दोनदा हातात घेतली आणि दोनदा परत ठेवली. मग पाकिटावर तुझं अक्षर दिसलं. मग घेतली.